कळंबोलीला न झालेलं इस्पितळ

मुंबईत प्राण्यांचं वैद्यक परळला रुजलं आणि तिथेच राहिलं. शहर मात्र खाडी ओलांडून वाशी, नेरूळ, खारघर करत पनवेलपर्यंत गेलं. एरवी या विसंगतीचं कुणाला काही वाटत नाही. कुत्र्याला लस टोचायची, गोचिडी काढायच्या, जुलाबावर औषध आणायचं, तर कोपऱ्यावरचा दवाखाना पुरतो. पण मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाला हाडाचा कर्करोग झाला की या दीडशे वर्षांच्या भूगोलाचा हिशेब चुकता करावा लागतो. एक्स-रे काढणारा, सुई घालून नमुना घेणारा, तो नमुना वाचणारा, पाय कापणारा आणि सलाइनमधून औषध देणारा अशी पाच माणसं या आजारात थोड्या आठवड्यांत एकामागून एक लागतात, आणि ती एका ठिकाणी असली तरच वेळ हाताशी राहतो. अशी माणसं आणि माणसाच्या कर्करोगाचे जाणकार शेजारी राहण्याची संधी मुंबईला दोनदा मिळाली, एकदा परळला आणि एकदा नवी मुंबईत. दोन्ही वेळा ती हुकली. औषधांच्या अभावापेक्षा या हुकलेल्या शेजाराने कुत्र्यांचं अधिक नुकसान केलं, असं मला वाटतं.

परळच्या आधीची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी. मोकाट कुत्री मारण्याच्या इंग्रज सरकारच्या मोहिमेविरुद्ध १८३२ साली मुंबईत दंगल झाली. कुत्र्याला धर्मविधीत स्थान देणारे पारशी त्यात पुढे होते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले आणि कोटातल्या साहेबलोकांचा शिधा अडला. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरापोळ उभी राहिली. पांजरापोळीचं काम जनावर मरेपर्यंत पोसण्याचं होतं, बरं करण्याचं नव्हे. उपचाराची कल्पना पुढच्या पिढीत आली. १८७४ मध्ये प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्ध काम करणारी संस्था स्थापन झाली, त्यानंतरच्या दशकात सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई रुग्णालय उभं राहिलं, आणि त्याच परिसरात १८८६ साली मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. लोक त्या जागेला बैलघोडा हॉस्पिटल म्हणू लागले ते उगाच नव्हे. ट्राम तेव्हा घोडे ओढत होते, माल बैलगाड्यांतून जात होता, आणि लंगडणारा घोडा म्हणजे बुडालेली मजुरी. कुत्रा तिथे यायचा तो बहुधा पिसाळल्याच्या संशयावरून.

पुढे त्याच परळात एकेक मोठी संस्था येत गेली. प्लेगच्या साथीनंतर १८९९ मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली, १९२६ मध्ये केईएम, आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल. पुढच्या दशकात टाटा मेमोरियलच्या शेजारी कर्करोग संशोधन केंद्रही सुरू झालं. पायी फिरून यावं एवढ्या टापूत घोड्याचा शल्यविशारद, रोगजंतुशास्त्रज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ असे सगळे होते. जगात फार थोड्या शहरांना असं मोहल्ल्याचं भाग्य लाभलं असेल. मात्र पशुवैद्यकाचा कारभार शेतीखात्याच्या वळणाने गेला. महाविद्यालय पुढे कोकण कृषी विद्यापीठाशी जोडलं गेलं आणि २००० नंतर नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाकडे गेलं. टाटा मेमोरियल १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे आलं. दोन संस्थांचे मालक वेगळे, पैशाचे रस्ते वेगळे, परीक्षा वेगळ्या. नुसतं भिंतीला भिंत लागून असल्याने कामं एकत्र होत नाहीत, हे परळने चांगलं दाखवलं.

यावर पहिला आक्षेप असा की, तेव्हा कुत्र्यांत हाडाचा कर्करोग होताच कुठे? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशींचा कर्करोग, हा वजनदार कुत्र्यांचा आजार आहे. परदेशी नोंदींनुसार पंधरा किलोंपेक्षा हलक्या कुत्र्यांचा एकूण रुग्णांतला वाटा सुमारे ५ टक्के. ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, ग्रेहाउंड या उंच, भारी जातींत तो पुष्कळ दिसतो, आणि बहुधा सात-आठ वर्षांच्या पुढे. आपलं गावठी कुत्रं अंगाने बेताचं, शिवाय रस्त्यावर तेवढं जगलं तर नशीब. त्यामुळे मुंबईतल्या पशुवैद्यांचा कर्करोगाशी परिचय वेगळ्याच गाठीतून झाला. रस्त्यावरच्या कुत्र्यांत समागमातून एकाकडून दुसऱ्याकडे जाणारी जननेंद्रियांवरची गाठ आजही सर्रास दिसते. हा रोग जंतूमुळे पसरत नाही, जिवंत कर्कपेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते. १८७६ मध्ये नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने ती एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली होती. तिच्यावरचं औषध व्हिन्क्रिस्टीन, आठवड्याला एक सलाइन, चार-सहा आठवडे. आणि हे व्हिन्क्रिस्टीन निघतं ते अंगणातल्या सदाफुलीतून. कुत्र्याला केमोथेरपी देता येते, तो ती सोसतो आणि बरा होतो, हे आपल्याकडच्या पशुवैद्यांना एखाद्या महागड्या लॅब्रेडॉरने नव्हे, मोकाट कुत्र्याने शिकवलं. त्यामुळे पूर्वतयारी नव्हती, असं म्हणता येणार नाही.

वजनदार कुत्री आली ती खाडीपलीकडच्या नव्या शहरात. सिडकोची स्थापना १९७० ची, पहिला खाडीपूल त्याच दशकातला, आणि वाशीला लोकल पोचली १९९२ मध्ये. सोसायट्या वसल्या, पगार वाढले, आणि लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर ही कुत्री दोन-तीन खोल्यांच्या सदनिकांत आली. नवी मुंबईत कुत्र्याला गाठ झाली की लोक लगेच तळोजाच्या कारखान्यांकडे बोट दाखवतात. ऑगस्ट २०१७ मध्ये कासाडी नदीच्या आसपासची कुत्री रंगाच्या सांडपाण्याने निळी झाली होती, त्यामुळे तो संशय समजण्यासारखा आहे. पण हाडाच्या या कर्करोगाबद्दलचा पुरावा दुसरीकडे जातो: जात, उंची, वजन, आणि काही प्रमाणात नसबंदीचं वय. २००२ सालच्या एका अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरांपैकी साधारण चारांत एकाला पुढे हा रोग झाल्याचं आढळलं. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘हिंस्र’ ठरवलेल्या तेवीस जातींवर बंदी घालून पाळलेल्यांची नसबंदी करायला सांगितलं. त्या यादीत रॉटवायलर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक पुढच्याच महिन्यात रद्द केलं, पण नसबंदीच्या वयाशी जोडलेल्या या हाडाच्या कर्करोगाचा विचार त्या फायलीत कुणी केला असेल, असं वाटत नाही.

आता निदान जवळून पाहू, कारण सगळा वाद वेळेचा आहे. कुत्रं पुढच्या पायाने लंगडतं. मनगटाच्या जरा वर, किंवा खांद्याजवळ, किंवा मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास सूज येते. कोपरापासून दूर आणि गुडघ्याच्या जवळ, हे या रोगाचं नेहमीचं ठिकाण पशुवैद्यकाचे विद्यार्थी घोकून पाठ करतात. घरच्यांना वाटतं, सोफ्यावरून उडी मारताना मुरगळलं. चार दिवस हळदीचा लेप, मग कॅल्शियमचं सिरप. काहीजण घरातली माणसाची वेदनाशामक गोळी देतात. हे फार वाईट, कारण डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. मुंबईच्या दमट हवेत गोचिडतापानेही सांधे दुखतात, त्यामुळे दवाखान्यात आधी त्याचा संशय घेतला जातो, आणि गोचिडतापावरच्या औषधांनी आठवडाभर बरं वाटल्यासारखं होतं. एक्स-रे काढला तरी तो पहिल्याच खेपेला बोलेलच असं नाही. हाडातले तीस ते पन्नास टक्के क्षार निघून गेल्याशिवाय पोकळी फिल्मवर उमटत नाही. नंतर मात्र चित्र ओळखू येतं: आतून कुरतडलेलं हाड, कडेला नव्या हाडाचे सूर्यकिरणांसारखे फराटे, आणि उचलल्या गेलेल्या आवरणाचा छोटा त्रिकोण. माणसाच्या बाबतीतही आपल्याकडे हीच कथा आहे. गुडघ्याची सूज घेऊन पोरगं आधी हाडवैद्याकडे मालिशला जातं आणि आठवडे तिथेच जातात.

निदान पक्कं करायचं तर हाडात जाड पोकळ सुई घालून कोर, म्हणजे हाडाचा छोटा तुकडा, काढावा लागतो. बारीक सुईने पेशी ओढून काचपट्टीवर पाहणं हा त्याहून स्वस्त मार्ग आहे, आणि अनुभवी डोळा असेल तर तोही पुष्कळ सांगतो. छातीचे एक्स-रे काढले की दहांत नऊ कुत्र्यांची फुप्फुसं स्वच्छ दिसतात, पण त्याच दहांपैकी सुमारे नऊ जणांत सूक्ष्म कण फुप्फुसात आधीच पोचलेले असतात. म्हणून नुसता पाय कापला तर आयुष्य साधारण चार-पाच महिने मिळतं. पाय कापून कार्बोप्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन दिलं तर दहा-बारा महिने, आणि साधारण पाचांत एक कुत्रं दोन वर्षं काढतं. कार्बोप्लॅटिन दर तीन आठवड्यांनी, चार ते सहा वेळा, प्रत्येक वेळी आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून. पूडलसारखी सतत केस वाढणारी जात सोडली तर केसही फारसे गळत नाहीत. माणसाला देतात त्याहून मात्रा कमी ठेवली जाते, कारण इथे आजार समूळ घालवण्यापेक्षा उरलेले महिने सुखाने जावेत हा हेतू असतो.

एवढ्या महिन्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, हा दुसरा आक्षेप. आणि त्याला जोडूनच तिसरा: टाटा मेमोरियलच्या बाहेर फुटपाथवर पेशंटचे नातेवाईक पथारी टाकून राहतात, त्या शहरात कुत्र्याच्या केमोबद्दल बोलणं शोभतं का? हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचं उत्तर भावनेत नाही, इतिहासात आहे. कुत्र्याचा हाडाचा कर्करोग आणि वाढत्या वयाच्या मुलाचा हाडाचा कर्करोग सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ एकच दिसतात. दोघांचंही मरण बहुधा फुप्फुसातून येतं. अमेरिकेत माणसांत हा रोग वर्षाला हजाराच्या आतबाहेर दिसतो, कुत्र्यांत दहा हजारांहून जास्त असावा असा अंदाज आहे, आणि कुत्र्यात सगळं वेगाने घडतं. मुलांत पाच वर्षं थांबून कळणारं उत्तर कुत्र्यात वर्ष-दीड वर्षात मिळतं. १९८० च्या दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात स्टीफन विथ्रो यांनी पाय न कापता गाठ काढून तिथे हाड बसवण्याची तंत्रं कुत्र्यांवर घडवली, आणि त्यातलं काही शिक्षण माणसांच्या शल्यविशारदांनी घेतलं. १९८९ मध्ये विस्कॉन्सिनच्या ग्रेगरी मॅकएवेन यांनी पाय कापलेल्या कुत्र्यांना प्रतिकारशक्ती चेतवणारं एक औषध दिलं. ज्यांना ते मिळालं त्यांच्या आयुष्याचा मध्यक २२२ दिवस, न मिळालेल्यांचा ७७. तेच औषध मिफामुर्टाइड या नावाने २००९ साली युरोपात माणसांच्या उपचारात आलं. म्हणजे ही खैरात एकतर्फी नव्हती. कुत्र्याच्या मालकाने आपल्या पैशाने, आपल्या मर्जीने कुत्र्यासाठी केलेला खर्च मुलांच्या उपचारालाही काही देऊन गेला.

आणि आपल्याकडे हे जमलं नसतं, असं म्हणायला आधार नाही. परदेशी पद्धतीत मुलांना मेथोट्रेक्सेटचे अवजड डोस देतात, आणि त्यासाठी रक्तातली पातळी वेळोवेळी मोजण्याची महाग सोय लागते. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फामाइडवर चालणारी ओजीएस-१२ ही पद्धत बसवली आणि तिचे निकाल प्रसिद्ध केले. आपल्या पेशंटच्या खिशाला आणि इथल्या वॉर्डाला झेपेल असं शास्त्र घडवणारी माणसं परळात होती. त्यांच्याकडे हाडाच्या कर्करोगाचे कुत्रे कुणी कधी पद्धतशीर नेले असते, तर? हा प्रश्न उगाच तर्काचा वाटेल, पण सगळा मुद्दा याच प्रश्नाचा आहे.

दुसरी संधी खाडीपलीकडे आली. २००२ मध्ये टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र परळहून खारघरला गेलं. साठ एकरांचं आवार, प्रयोगशाळा, उतींची बँक, प्राणिगृह असं सगळं तिथे आलं. पुढे टाटा ट्रस्ट्सनी प्राण्यांसाठी मोठं इस्पितळ बांधायचं ठरवलं, तेव्हा मूळ जागा होती कळंबोली, शीव-पनवेल महामार्गावर खारघरच्या पुढेच. कागदोपत्री दोन्ही आता पनवेल महापालिकेत, पण बोलताना नवी मुंबईच. परळला जे भिंतीला भिंत लावून झालं नाही, ते इथे एकाच दानशूर परंपरेच्या दोन संस्थांमध्ये घडू शकलं असतं. ते झालं नाही. रतन टाटांना वाटलं की तिथवरच्या प्रवासाने उपचारांना उशीर होईल, आणि इस्पितळ महालक्ष्मीला आलं. जुलै २०२४ मध्ये ते सुरू झालं. खर्च सुमारे १६५ कोटी, दोनशेच्या वर प्राण्यांची सोय. रतन टाटांचा स्वतःचा अनुभवही उशिराचाच होता. कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी तो अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात न्यावा लागला, पण वेळ टळून गेली होती आणि सांधा जखडून टाकावा लागला.

जागा बदलण्याचा तो निर्णय चुकीचा होता असं माझं म्हणणं नाही. मुंबईतली पुष्कळ पाळीव कुत्री-मांजरं दादर, वांद्रे, अंधेरीकडे आहेत, आणि अपघातात सापडलेल्या मांजराला कळंबोलीपर्यंत नेणं म्हणजे त्याला मारणंच. पण सर्वसाधारण हिशेब आणि हाडाच्या कर्करोगाचा हिशेब वेगळा पडतो. खारघरच्या चाळीस किलोंच्या लंगड्या रॉटवायलरला महालक्ष्मीला न्यायचं तर एक शस्त्रक्रिया, टाके काढणं आणि कार्बोप्लॅटिनच्या चार-सहा फेऱ्या. लोकलमध्ये ते शक्य नाही. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, पण त्यावर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, आणि मोटारीचा एकेरी टोल अडीचशे रुपये. स्वतःची गाडी असलेल्यालाच तो पूल जवळचा.

राहिला पाय कापण्याचा प्रश्न. मालक नकार देतात तो बहुधा इथे. तीन पायांचं कुत्रं त्यांना सोसवत नाही. पण कुत्र्याला आरशात पाहायचं नसतं. दुखरा पाय गेल्यावर बहुतेक मोठी कुत्रीही थोड्या दिवसांत चालू लागतात. अपवाद खरे आहेत: मागच्या दोन्ही पायांचे सांधे आधीच झिजलेले असले किंवा वजन बेसुमार असलं तर पाय कापू नये. तेव्हा वेदना आवरणं, आणि त्या आवरेनाशा झाल्या की इंजेक्शन देऊन शांत करणं, हाच दयेचा मार्ग. पांजरापोळीच्या परंपरेतून आलेल्या घरांना तो कठीण जातो, पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने सोसवेनाशा यातनांतल्या जनावराला मुक्त करणं गुन्हा ठरवलेलं नाही. मोडू पाहणारं हाड घेऊन कुत्र्याला नुसतं जगवत ठेवणं हा दयेचा जुना अर्थ आता धरू नये, असं माझं मत आहे.

मोठ्या इस्पितळाची इमारत आता खाडीपलीकडे यायची नाही, हे धरून चाललं तरी सगळं संपत नाही. कुत्र्याला प्रत्येक टप्प्यावर प्रवास करावा लागतो असं नाही. एक्स-रे वाशी-नेरूळच्या खासगी दवाखान्यांतही होतो, कोर काढायला प्रशिक्षित हात लागतो, कार्बोप्लॅटिन जवळच्या दवाखान्यात देता येतं, रक्त कुठेही मोजता येतं. मोठ्या इस्पितळात जायचं ते फक्त शस्त्रक्रियेला. अडतं ते नमुना वाचण्यापाशी. हाडाचा तुकडा आम्लात मऊ करायला काही दिवस लागतात, मग तो कापला जातो, रंगवला जातो, आणि एक्स-रे समोर ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये हा माणसांच्या हाडांच्या गाठींसाठीही जुना नियम आहे. फॉर्मॅलिनची एक बाटली आणि एक फिल्म. ती वाचू शकणारे सराईत डोळे खारघरच्या आवारात आहेत, आणि तिथे पोचायला नेरूळच्या किंवा कळंबोलीच्या दवाखान्याला मुंबईकडचा खाडीपूल ओलांडावा लागत नाही. त्या बाटलीवर मालकाच्या संमतीचा कागद चिकटवून ती आत घेण्याची व्यवस्था पशुविज्ञान विद्यापीठाच्या आणि अणुऊर्जा विभागाच्या दोन फायलींमध्ये कुठेतरी बसवावी लागेल. त्यासाठी इमारत लागत नाही, दोन सह्या लागतात.